दंडावरचा मारुती

ज्ञानू चौगुलेच्या दंडावर मारुती गोंदला तर त्याचा काय फायदा होणार, याचा हिशेब मी त्याच्या मानेवर वस्तरा ठेवूनच मांडला होता. फायदा बराच होता. तालमीतली जागा वाचणार होती, यात्रेतली कुस्ती वाचणार होती, आणि सर्जेराव वस्तादांना त्यांच्याच देवाच्या आड लपून फसवल्याचं सुख मिळणार होतं ते वेगळं. तोटा मला कुठं दिसेना. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. माझ्या दुकानात पुढं-मागं दोन्हीकडं आरसे होते, त्यामुळं आपल्याला सगळीकडचं दिसतं असा माझा समज होता.

"दार लावून घे," ज्ञानू म्हणाला.

"भर दुपारी दार लावलं तर लोक म्हणतील विष्णू न्हावी मेला."

"मग पडदा ओढ."

मी पडदा ओढला. त्यानं सदऱ्याची बाही पार वर सारली. उजव्या दंडावर, खांद्याच्या चार बोटं खाली, तळहाताएवढा लाल चट्टा होता आणि त्यावर अभ्रकासारखा पांढरा पापुद्रा. मी नख लावायला गेलो तसा त्यानं हात मागं घेतला.

"नायटा न्हाई हा."

"मला सांगतोस? बारा वर्षं झाली लोकांची डोकी धरतोय. नायट्याला कड असती. मधनं बरा हुतो आणि कडंनं पसरतो. हे येगळं हाय."

"सांगलीच्या डॉक्टरनी नाव लिहून दिलंय. सोरायसिस. आंगातनंच येतो म्हणाले. दुसऱ्याला लागत न्हाई."

"मग कागद दाखव की वस्तादास्नी."

"दाखवला की. म्हणाले, कागद हौद्यात उतरत न्हाई, तू उतरतोस."

हे वाक्य अगदी वस्तादांचंच होतं. आमच्या सावळवड्याच्या तालमीत सर्जेराव वस्ताद दर शनिवारी सगळ्या पोरांना लंगोटावर उभं करायचे आणि एकेकाची कातडी न्याहाळायचे. त्याला कारणही होतं. चार वर्षांपूर्वी एकाचा नायटा सगळ्या तालमीला झाला होता. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून वर्षानुवर्षं मुरवलेली हौद्यातली तांबडी माती उपसून ओढ्यात टाकावी लागली होती. वस्ताद स्वतःचा बाप गेला तेव्हा रडले नव्हते, ते त्या मातीला रडले. तेव्हापासून अंगावर चट्टा दिसला की पोरगा बाहेर. महाशिवरात्रीपासून ज्ञानू बाहेर होता, आणि चैत्रातली यात्रा महिन्यावर आली होती.

"एक वरीस खाडा झाला तर काय बिघडतंय?" मी म्हणालो.

"पुढच्या वर्षी मी कारखान्यात लागलेला असणार. तीन पाळ्या. कुस्ती संपली." तो आरशात माझ्याकडं बघत होता. "आणि बिरू तसाच ऱ्हाईल."

बिरू खोत नदीपलीकडच्या तालमीचा. आदल्या यात्रेत त्याची आणि ज्ञानूची कुस्ती पंचवीस मिनिटं चालली आणि पंचांनी बरोबरीत सोडवली. मग वर्षभर दोन्ही काठांवर एकच वाद. माझ्या खुर्चीत बसून लोक मान हलवून भांडत आणि कानाला वस्तरा लागला की दोष मला देत. कुस्ती सोडवली नसती तर काय झालं असतं, हे सांगणारे शंभर होते; ज्या दोघांना ते ठाऊक करून घ्यायचं होतं त्यांची गाठच पडत नव्हती.

"जिंकायलाच पायजे असं न्हाई, विष्णूदा," ज्ञानू म्हणाला. "पर निकाल लागाया पायजे. चीत तर चीत. तसंच अर्धवट ठेवून मी उसाच्या गाड्या मोजत बसू व्हय?"

आता माझा फायदा. तोही सांगितला पाहिजे, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. तीन महिन्यांपूर्वी मी कोल्हापुरातनं गोंदायचं मशीन आणलं होतं. दाराबाहेर 'टॅटू' अशी पाटीही रंगवून घेतली होती. दुधी भोपळ्यांवर हात बसवला, मग स्वतःच्या मांडीवर विंचू काढला. तो कोळंबीसारखा दिसतो असं आई म्हणाली आणि त्या दिवसापासून घरात कोळंबी हा शब्द आला की सगळे माझ्या मांडीकडं बघत. गावात गिऱ्हाईक फिरकेना. मला एक असा दंड पाहिजे होता की जो सगळं गाव बघतं. पैलवानाच्या दंडाएवढी मोठी पाटी गावात दुसरी कुठली?

"डॉक्टर आणि काय म्हणाले?" मी विचारलं. एवढं मी विचारलं होतं, हे माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.

"काय न्हाई. मलम दिलं."

हे तो आरशातल्या स्वतःच्या मिशीकडं बघत म्हणाला. माणूस मिशीकडं बघत बोलला की काहीतरी गाळतोय, हे न्हाव्याला कळतं. कळूनही मी सुई लावली.

चित्र मात्र मी डोकं लावून काढलं. उडता मारुती, वर केलेल्या हातावर द्रोणागिरी. तो चट्टा बरोब्बर डोंगराच्या जागी येईल असं बसवलं. कोपरापर्यंत शेपटी, बाजूला गदा. चट्ट्यावर सुई गेली की मोहरीएवढे रक्ताचे थेंब उभे राहायचे, बाकीच्या कातडीवर तसं होत नव्हतं. मी दोनदा थांबलो. ज्ञानू म्हणाला, "थांबू नको, डोंगर अर्धा नेत न्हाईत." दोन दिवसांत मारुती पुरा झाला. खपली धरली, बारा दिवसांत ती पडली, आणि खाली निळा-काळा मारुती असा उमटला की मी स्वतःच माझ्या हाताकडं बघितलं.

त्या शनिवारी मी तालमीत होतो. पोरांची डोकी बारीक करायला मला तिथं जावंच लागे. रांगेत ज्ञानू शेवटी उभा होता. वस्ताद त्याच्यापुढं आले आणि थांबले.

"हे काय?"

"मारुती हाय, वस्ताद."

"ते दिसतंय. आंधळा न्हाई मी." वस्तादांनी मान वाकडी केली. "डोंगर जरा खरबरीत दिसतोय."

ज्ञानूच्या कपाळावर घाम आला. मी हातातली कात्री न थांबवता म्हणालो, "डोंगर गुळगुळीत असतोय व्हय, वस्ताद?"

वस्तादांनी माझ्याकडं बघितलं. मग देवळीतल्या शेंदरी मारुतीकडं बघितलं, मग पुन्हा दंडाकडं. शेवटी स्वतःच्या छातीला हात लावून नमस्कार केला.

"उतर हौद्यात."

पुढचे आठ दिवस ज्ञानूचे होते. पहाटे मेहनत, संध्याकाळी लढती. तालमीतल्या प्रत्येकाला त्यानं लोळवलं आणि प्रत्येकाकडनं लोळून घेतलं. महिनाभराचा उपास सुटलेल्या माणसासारखा तो माती खात होता. माझ्या दुकानात दोघं जण नाव गोंदायची चौकशी करून गेले. एकानं बायकोचं नाव सांगितलं, दुसऱ्यानं नाव विचार करून सांगतो म्हणून सांगितलं.

यात्रेला आठ दिवस उरले असताना ज्ञानू दुपारी दुकानात आला. उन्हाळ्यात अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा.

"पडदा ओढ," तो म्हणाला. "मारुती उठलाय."

मला वाटलं चेष्टा करतोय. त्यानं बाही वर केली आणि मी खुर्चीचा हात धरला. मी काढलेली प्रत्येक रेघ, फक्त तीच रेघ, दोरीसारखी वर आली होती. लाल, फुगीर, आणि तिच्यावर पांढरा पापुद्रा. शेपटीचा वळसा, गदेचे गोल, डोळ्यांवरच्या भुवया, सगळं. रेघेच्या बाहेर कातडी स्वच्छ. माझं काम इतकं ठसठशीत कधीच दिसलं नव्हतं.

"खरं बोल. डॉक्टर काय म्हणाले हुते?"

तो खाली बसला. "म्हणाले हुते, कातडीला जखम करू नको. खरचटलं, भाजलं, टोचलं, की ह्यो तिथंच उठतो. धा-पंधरा-वीस दिवसांत."

"मग मला का सांगितलं न्हाईस?"

"तू गोंदलं नसतंस."

आपण न गोंदणारा माणूस आहोत असं कुणाला तरी वाटलं, याचं मला त्या परिस्थितीतही बरं वाटलं. मी पुढं काही बोलणार एवढ्यात आई मागच्या दारानं चहा घेऊन आली. तिनं ज्ञानूचा दंड बघितला. कपबशी खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

"कवच सोडाय लागलाय," ती म्हणाली.

ज्यांच्या गावात शेंदरी देव नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवाला वर्षानुवर्षं शेंदूर लावत गेलं की त्याचा जाड थर होतो, आणि एखाद्या दिवशी तो थर आपसूक सुटून पडतो. त्याला देवानं कवच टाकलं म्हणतात. आमच्या तालमीतल्या मारुतीनं नऊ वर्षांपूर्वी टाकलं होतं. वाजतगाजत ते नदीला नेलं, आणि त्या साली विहिरींना कधी नव्हे एवढं पाणी आलं. तेव्हा कवचाची वाट बघणारं गाव होतं आमचं. दंडावरचा मारुती पापुद्रे टाकतोय म्हटल्यावर आईला दुसरं काही सुचणारच नव्हतं.

"आई, ते कवच न्हाई," असं मी म्हणायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही होतं. पण आजार म्हटला की ज्ञानू बाहेर, यात्रेची कुस्ती गेली, माझं मशीन गेलं, आणि मशीनच्या मागनं वस्तराही गेला. कवच म्हटलं तर कुणाचंच काही जात नव्हतं. मी ज्ञानूकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. दोघंही गप्प बसलो.

आई मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती.

दिवस मावळायच्या आत ज्ञानूच्या सोप्यात अकरा बायका नारळ घेऊन बसल्या होत्या. तो भिंतीला टेकून उजवा हात उशीवर ठेवून बसलेला, जणू हात त्याचा नव्हेच, गावानं सांभाळायला दिलेला आहे. एका म्हातारीनं सतरंजीवर पडलेला एक पापुद्रा उचलून हळदीकुंकवाच्या पुडीत बांधला. ज्ञानूनं माझ्याकडं असं बघितलं की मी उठून चपला शोधायला लागलो.

दुसऱ्या दिवशी वस्ताद दाढीला आले. फेस लावून झाल्यावर डोळे मिटूनच म्हणाले, "विष्णू, खरं सांग. कवच हाय का नायटा हाय?"

"वस्ताद, मी न्हावी. देवाधर्मातलं मला काय कळतंय?"

"कातडीतलं कळतंय का?"

"नायटा न्हाई," मी म्हणालो. एवढं तर खरं होतं.

वस्तादांनी दुसरा गाल पुढं केला. मग म्हणाले, "नायटा म्हटलं असतं तर गावानं मला हौद्यात पुरलं असतं. बरं झालं. कवच तर कवच."

म्हणजे सगळ्यांचं भागलं. असं मला वाटलं. यात्रेच्या तीन दिवस आधी मी तालमीत गेलो तर सगळी पोरं जोडीजोडीनं लढत होती आणि ज्ञानू कोपऱ्यात एकटा जोर मारत होता.

"का गा, जोड न्हाई?"

"कोण येतंय?" तो थांबला नाही. "ये म्हटलं की पाया पडतात. म्हणतात, पाय लागला तर? वस्तादबी म्हणाले, ऱ्हाऊ दे, आराम कर."

"मग कर की आराम."

"आंगाला आंग लागल्याशिवाय कुस्ती कशी हुईल, विष्णूदा?"

"बिरू गावातला न्हाई. तो कशाला पाया पडंल? तो धरणारच."

मला हे पटत होतं. माणूस आपल्या फायद्याच्या गोष्टीवर सहज विश्वास ठेवतो.

यात्रेच्या मैदानाला त्या वर्षी जत्रा लोटली होती. नदीपलीकडचं अर्धं गाव आलं होतं, त्यात कुस्तीसाठी किती आणि मारुतीसाठी किती हे सांगता येत नव्हतं. हलग्या कडकडत होत्या. निवेदकानं भोंग्यावरनं दोघांची नावं घेतली. बिरू पलीकडनं आला, मांडीवर थाप मारत, दणादण. इकडनं ज्ञानू. दोघं मधोमध आले. बिरूनं सलामीला हात पुढं केला, आणि त्याची नजर दंडावर गेली.

हात तसाच राहिला. मग त्यानं तो जोडला. खाली वाकला, ज्ञानूच्या दंडापुढं डोकं लववलं, आणि मागं सरकला.

"मी न्हाई लढणार," तो पंचांना म्हणाला. आवाज मोठा होता, भोंग्याची गरज पडली नाही. "जिंकायचं म्हंजे पाठ लावायची. देवाला मातीत कसं घालू?"

मैदानानं टाळ्या वाजवल्या. दोन्ही काठांनी. निवेदक सद्गदित झाला. म्हणाला की अशी कुस्ती आपण पहिल्यांदाच बघतोय, ज्यात दोघंही जिंकले. पंच एकमेकांकडं बघून बरोबरीचा हात वर करायच्या बेतात होते. ज्ञानू मधोमध उभा होता. चार हजार लोक त्याच्याकडं भक्तीनं बघत होते आणि त्याच्या भोवती दहा फूट मोकळी माती होती.

तो निवेदकाकडं चालत गेला आणि त्याच्या हातातनं माईक घेतला.

"हा देव न्हाई," तो म्हणाला. "म्हंजे देव हाय, पर उठलाय तो आजार हाय. सोरायसिस म्हणतात. दंडावर डाग हुता, तो झाकाय मी मारुती गोंदून घेतला. डॉक्टरनी जखम करू नको म्हणून सांगितलं हुतं, मी ऐकलं न्हाई. जिथं टोचलं तिथं उठला." मग जरा थांबून, "गोंदलं विष्णूनं. मीच सांगितलं हुतं. लागत न्हाई हा कुणाला. घरात आई माझ्याच ताटात जेवती, तिला झाला न्हाई."

मैदान असं शांत झालं की उसाच्या रसाच्या गाड्यावरचं घुंगरू ऐकू आलं. आणि मग मी एक गोष्ट बघितली ती अजून विसरलो नाही. पुढच्या रांगेतले लोक, मघाशी ज्यांनी हात जोडले होते ते, पाय आखडून घेत थोडे मागं सरले. बिरूही एक पाऊल मागं गेला. मोकळी माती दहाची पंधरा फूट झाली. माणूस तोच, दंड तोच. मघा शिवायचं नव्हतं ते पवित्र म्हणून, आता घाण म्हणून.

"लागत न्हाई म्हणतोस," पलीकडचा कुणीतरी ओरडला, "मग धरून दाखवंल का कोण?"

त्या वेळी उठायला मी पाहिजे होतो. मी तो दंड दोन दिवस मांडीवर घेऊन बसलो होतो, माझ्याइतका त्याला कुणीच हात लावला नव्हता. पण माझ्या शेजारी माझी गिऱ्हाईकं बसली होती, आणि त्यांतली तिघं माझ्या बोटांकडं बघत होती. मी हात मांडीखाली घातले.

सर्जेराव वस्ताद उठले. अडुसष्ट वर्षांचे. फेटा काढला, घडी न घालता तसाच खाली ठेवला. सदरा काढला. धोतराचा काचा मारला आणि मातीत उतरले.

"ये," ते ज्ञानूला म्हणाले.

"वस्ताद, तुम्ही नका."

"ये म्हटलं की यायचं. कुणी शिकवलं तुला?"

ज्ञानू आला. वस्तादांनी सलामी दिली, मूठभर माती घेऊन त्याच्या अंगावर टाकली आणि डाव्या हातानं थेट तो दंड पकडला. कपाळ त्याच्या खांद्याला भिडवलं, गाल डोंगरावर टेकवला, आणि दोघं फिरायला लागले. खडाखडी म्हणतात तिला. कुस्तीच्या सुरुवातीची ती अंगचटी. दोन मिनिटं असेल. हलगीवाल्यांना वाजवावं की नाही कळेना. एकानं हळूच सुरू केलं. वस्ताद बाजूला झाले तेव्हा त्यांच्या गालावर माती होती आणि पांढरे पापुद्रे होते, आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"ह्याला मी महिनाभर भाईर ठेवला," ते धापा टाकत म्हणाले. "कागद आणला हुता, तरी. माझं चुकलं. आता कुणाला लढायचं त्यानं लढावं."

बिरू पुढं आला, पण घुटमळला. "वस्ताद, मग मारुती हाय का न्हाई त्यो?"

"हाय की. पर त्योबी पैलवानच. मातीत पडायची त्याला कसली लाज?"

कुस्ती नऊ मिनिटं चालली. ज्ञानूनं दोनदा पट काढायचा प्रयत्न केला, दोनदा बिरू निसटला. आठव्या मिनिटाला ज्ञानूचा दम तुटलेला मला बसल्या जागेवरनं दिसत होता. आठ दिवस कुणी जोड दिली नव्हती, त्याचा तो दम. बिरूनं ढाकेचा डाव टाकला. ज्ञानू हवेत गेला आणि पाठीवर पडला, दोन्ही खांदे मातीत, मारुती डोंगरासकट खाली. असा लखलखीत निकाल की वाद घालायला कुणाला जागाच उरली नाही.

तो उठेना म्हणून पंच धावले. तो पडल्या पडल्या हसत होता. बिरूनं हात दिला, त्यानं तो उजव्या हातानं धरला.

दुसऱ्या सकाळी माझ्या खुर्चीत कुणी बसलं नाही. रोजचा पहिला माणूस, पोस्टमन देशिंगे, दारातनंच म्हणाला, "हीच बोटं आमच्या गालाला लावतोस व्हय रे?" आणि सायकल शेजारच्या गावाच्या रस्त्याला लावली. मी दहा वेळा सांगितलं की लागत नाही. पण जो माणूस मैदानात हात मांडीखाली घालतो त्याचं कोण ऐकणार? पाचव्या दिवशी वस्ताद आले. बसले. दाढी झाल्यावर बाह्या वर करून दारातल्या बाकड्यावर ऊन खात बसले. रोज. येणारा-जाणारा त्यांचे हात, गाल, कपाळ न्याहाळून जाई. कुणी थांबून बघायला लागला की ते स्वतःच हात पुढं करत, "बघ, बघ. उठलंय का कुठं?" महिना-दीड महिना त्यांनी आपली कातडी अशी गावाला दाखवली. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांची तपासली, तो. मग हळूहळू खुर्ची भरली.

पंधरा-सोळा वर्षं झाली. गाव अजून ही गोष्ट सांगतं आणि जो तो स्वतःला पुढच्या रांगेत बसवतो. मागं सरकलेला एकही सापडत नाही. तेव्हा मीच मोजून ठेवलंय. गावानं काही दिलं नाही, त्याला गोष्ट मिळाली. बिरूला कुस्ती मिळाली. आईनं थोडं दिलं: हात जोडले होते ते तिला नंतर पुष्कळ दिवस टोचत राहिलं, पण तिनं कबूल केलं नाही. वस्तादांनी आपला ताठा दिला, भर मैदानात, आणि परत मागितला नाही. मी पाटी उतरवली, दीड महिना रिकामी खुर्ची सोसली. हे मला पुष्कळ वाटायचं, जोवर ज्ञानूचं मांडलं नव्हतं तोवर. त्यानं कुस्ती दिली. तालीम तर तशीही सुटणारच होती. आणि दंड दिला, तो तो अजून देतोय. उपचारांनी रेघा त्या साली बसल्या, पण थंडी पडली की शेपटीकडनं पुन्हा उठतात. मग कारखान्यातली पाळी संपवून तो दुकानात येतो, सदरा काढतो, खुर्चीत बसतो, आणि गिऱ्हाईकं बसलेली असतात, तरी पडदा ओढ म्हणत नाही. डॉक्टरांचं मलम मागच्या बाजूला त्याला स्वतःला नीट चोळता येत नाही. ते मी चोळतो. वस्तरा पुसतो, हात धुतो, आणि शेपटीपासून वर डोंगरापर्यंत एकेक रेघ, जशी काढली होती तशीच, सावकाश. अजून फिटलेलं नाही.